घरातील सबवूफर : क्रॉसओव्हर व इक्वलायझर यांची निवड

ध्वनिमुद्रित संगीत घरी ऐकताना खर्जाचे स्वर जितके आनंददायक, तितकेच ते शुद्ध स्वरूपात मिळविणे अवघड असते. ह्या स्वरांसाठी खास बनविलेल्या लाउडस्पीकरला सबवूफर म्हणतात. पुष्कळांना असा अनुभव येतो की, सबवूफर जोडताच खोली घुमू लागते. एखादा स्वर कानठळ्या बसवितो तर त्याच्या शेजारचा स्वर ऐकूच येत नाही. गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा बुजतो. दोष यंत्राला दिला जातो आणि त्याऐवजी अधिक महाग यंत्र आणले जाते. पण घुमणे जात नाही. ह्याचे कारण असे की, बहुधा दोष यंत्रात नसून दोन सांध्यांत असतो. पहिला सांधा सबवूफर व मुख्य लाउडस्पीकर यांच्यामधला. तो क्रॉसओव्हरने जुळवावयाचा असतो. दुसरा सबवूफर व खोली यांच्यामधला. त्यासाठी जागेची योग्य निवड आणि इक्वलायझर ही साधने आहेत. ही साधने कशी काम करतात हे समजल्यास त्यांची निवड सोपी होते आणि अनाठायी खर्चही टळतो.

खर्जाच्या स्वरांचे वेगळेपण

हवेच्या दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात व ती हर्ट्झ ह्या एककात मोजतात. निरोगी तरुण माणसास साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. सबवूफरचे क्षेत्र ह्यातील अगदी तळाचे, म्हणजे सुमारे २० ते १०० हर्ट्झचे होय. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा असतो. काळी एक हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. म्हणजे हा प्रश्न केवळ चित्रपटातील स्फोटांचा वा पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा नसून, आपल्या तंबोऱ्याचाही आहे.

हवेत ध्वनीचा वेग दर सेकंदास सुमारे ३४४ मीटर असतो. ह्या वेगास कंप्रतेने भागले असता तरंगलांबी मिळते. १०,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. ८० हर्ट्झची ४.३ मीटर, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची तब्बल १७ मीटर भरते. खर्जाचा तरंग असा घरातील खोलीएवढा किंवा तिच्याहून मोठा असल्यामुळे तो खोलीत नुसता पसरत नाही; खोलीच त्याला आकार देते.

दुसरी गोष्ट लाउडस्पीकरच्या शंकूची. तेवढ्याच तीव्रतेचा ध्वनी निम्म्या कंप्रतेवर निर्माण करावयाचा, तर शंकूला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. म्हणूनच खर्जासाठी मोठा शंकू, लांब पल्ल्याचे स्वरवेटोळे आणि समर्थ अँप्लिफायर लागतो.

तिसरी गोष्ट मानवी कानाची. फ्लेचर व मन्सन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, कान सर्व कंप्रतांना सारखा संवेदनशील नसतो. आजच्या मान्य आलेखांनुसार १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल पातळी लागते. मात्र एकदा ऐकू येऊ लागल्यावर खर्जाचा मोठेपणा फार झपाट्याने वाढतो. मधल्या स्वरांत किंचित जाणवणारा काही डेसिबलांचा फरक खर्जात पुष्कळच मोठा भासतो. म्हणून खर्जातील उंचवटे कानाला इतके सलतात.

क्रॉसओव्हर आणि त्याची कंप्रता

क्रॉसओव्हर म्हणजे येणाऱ्या विद्युत्‌संदेशाची दोन भागांत विभागणी करणारे मंडल. ठरविलेल्या कंप्रतेच्या खालचा भाग ते सबवूफरकडे पाठविते आणि वरचा भाग मुख्य लाउडस्पीकरांकडे. ह्या विभागणीने दोन लाभ होतात. सबवूफरमधून माणसाचा आवाज ऐकू येत नाही. आणि मुख्य लाउडस्पीकरांच्या लहान शंकूंना खर्जाचे ओझे न राहिल्यामुळे त्यांचे मधले स्वर अधिक स्वच्छ होतात. दुसरा लाभ मिळण्यासाठी मुख्य लाउडस्पीकरांकडील फिल्टरही असावा लागतो. अनेक स्वस्त सबवूफरांत केवळ स्वतःपुरताच फिल्टर असतो; खरेदीपूर्वी ही गोष्ट पाहून घ्यावी.

विभागणीची कंप्रता कोणती असावी? येथे दोन विरुद्ध गरजांचा मेळ घालावा लागतो. कंप्रता फार वर ठेवली तर ध्वनी सबवूफरच्या दिशेने येत आहे हे कानाला कळते. १५० हर्ट्झवर विभागणी केल्यास पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वरच पुष्कळदा कोपऱ्यातील पेटीतून येऊ लागतो. उलट कंप्रता फार खाली ठेवली, तर लहान मुख्य लाउडस्पीकरांवर न झेपणारा भार पडतो. ह्यांतील मध्यम मार्ग म्हणून ८० हर्ट्झ हे मूल्य रूढ झाले आहे. चित्रपटगृहांतील ध्वनीसाठी १९८३ मध्ये सुरू झालेल्या टीएचएक्स ह्या मानकपद्धतीने घरगुती संचासाठीही हेच मूल्य स्वीकारले. परंतु हा अटळ नियम नव्हे. मुख्य लाउडस्पीकर विभागणीच्या कंप्रतेखाली निदान अर्धे सप्तक तरी समर्थपणे वाजले पाहिजेत, हे सूत्र अधिक उपयोगी होय. १२० हर्ट्झच्या खाली मावळणाऱ्या अगदी छोट्या लाउडस्पीकरांबरोबर विभागणी वर न्यावीच लागते. अशा वेळी सबवूफर दूर कोपऱ्यात न ठेवता त्या दोहोंच्या मध्ये ठेवावा.

उतार आणि फिल्टरचा प्रकार

फिल्टर नको असलेला भाग एकदम कापून टाकीत नाही. तो त्याला क्रमाक्रमाने उतरवितो. हा उतार दर सप्तकास किती डेसिबल, अशा रीतीने सांगतात. ८० हर्ट्झवर १२ डेसिबलचा उतार असेल, तर १६० हर्ट्झला संदेश सुमारे १२ डेसिबलने उतरतो. उतार २४ डेसिबलचा असेल तर सुमारे २४ डेसिबलने. उतार तीव्र असला की सबवूफरची जागा कानाला कळण्याची शक्यता कमी होते.

ब्रिटिश अभियंते स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये वर्णिलेला फिल्टर विभागणीच्या बिंदूवर ३ डेसिबल उतरलेला असतो. पुढे हेवलेट पॅकार्ड कंपनीतील सीगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांनी योजिलेला फिल्टर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन बटरवर्थ फिल्टर एकामागून एक जोडलेले असतात. त्यामुळे त्या बिंदूवर प्रत्येक बाजू ६ डेसिबल, म्हणजे दाबाच्या दृष्टीने बरोबर निम्मी, उतरलेली असते. आणि दोन्ही बाजूंची कंपने एकाच लयीत असल्यामुळे दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो. सांध्यावर उंचवटाही येत नाही की खड्डाही पडत नाही. घरगुती सबवूफरसाठी २४ डेसिबल उताराचा लिंकविट्झ-रायली फिल्टर ही सामान्यतः सर्वांत निर्धोक निवड ठरते.

येथे एक बारकावा आहे. मुख्य लाउडस्पीकरांचाही स्वतःचा एक नैसर्गिक उतार असतो. बंद पेटीतील लाउडस्पीकर आपल्या अनुस्पंदनाखाली दर सप्तकास १२ डेसिबलने उतरतो. तो जर ८० हर्ट्झलाच उतरू लागत असेल, तर त्याला पूर्ण २४ डेसिबलचा फिल्टर लावल्यास एकूण उतार ३६ डेसिबलचा होऊन सांधा बिघडतो. अशा लाउडस्पीकराला १२ डेसिबलचा बटरवर्थ फिल्टर पुरतो. बाकीचे काम पेटीच करते.

फिल्टर तीन प्रकारांनी बनविता येतो. पहिल्या प्रकारात अँप्लिफायरच्या पुढे वेटोळे व धारित्र जोडतात. परंतु ८ ओहमच्या लाउडस्पीकरासाठी ८० हर्ट्झवर अगदी साधा फिल्टर करावयाचा म्हटले, तरी सुमारे १६ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि सुमारे २५० मायक्रोफॅरडचे धारित्र लागते. हे घटक बोजड व महाग असतात. शिवाय अनुस्पंदनाजवळ लाउडस्पीकरचा अवरोध ८ ओहम राहत नसल्यामुळे गणितही चुकते. म्हणून खर्जासाठी हा मार्ग टाळावा. दुसऱ्या प्रकारात अँप्लिफायरच्या आधी, सूक्ष्म संदेशावर काम करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. तिसऱ्या प्रकारात संदेशाचे अंकांत रूपांतर करून गणिताने फिल्टर साधतात. आजच्या बहुतेक होम थिएटर रिसीव्हरांत हा अंकीय क्रॉसओव्हर असतोच. तो वापरीत असताना सबवूफरवरील क्रॉसओव्हर मात्र बंद ठेवावा, किंवा त्याची कळ सर्वांत वरच्या आकड्यावर न्यावी. नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसून सांध्यात खड्डा पडतो. घरोघरी आढळणाऱ्या चुकांपैकी ही एक नेहमीची चूक होय.

कलेचा मेळ

दोन तरंग एका ठिकाणी पोहोचले असता एकाचे शिखर दुसऱ्याच्या शिखरावर पडले तर ध्वनी वाढतो. शिखर गर्तेवर पडले तर दोन्ही परस्परांना मारतात. कंपनाच्या ह्या अवस्थेस कला म्हणतात. ८० हर्ट्झचे एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे सबवूफरचा ध्वनी ६.२५ मिलिसेकंद उशिरा आला, किंवा सबवूफर श्रोत्यापासून २.१५ मीटर अधिक दूर असला, की नेमका सांध्यावरचा स्वर नाहीसा होतो. फिल्टर कितीही चांगला असला तरी मग उपयोग होत नाही.

हा मेळ साधण्याची एक जुनी व सोपी युक्ती आहे. सबवूफरची ध्रुवता उलट करावी, विभागणीच्या कंप्रतेचा अखंड स्वर लावावा, आणि श्रोत्याच्या जागी बसून विलंबाची वा कलेची कळ हळूहळू फिरवावी. ज्या स्थितीत स्वर सर्वांत क्षीण होतो, तेथे कळ तशीच ठेवून ध्रुवता पूर्ववत करावी. जेथे उलट जोडणीत तरंग परस्परांना सर्वाधिक मारतात, तेथेच सुलट जोडणीत ते सर्वाधिक जुळतात. क्षीणतम बिंदू कानाला अचूक सापडतो, तितका महत्तम बिंदू सापडत नाही. म्हणून हा उलटा मार्ग.

खोलीचा प्रभाव

आता दुसऱ्या सांध्याकडे वळू. ४.५ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी एक खोली घ्यावी. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बरोबर मावली की स्थिर तरंग निर्माण होतो. ध्वनीच्या वेगास अंतराच्या दुपटीने भागले असता ही कंप्रता मिळते. ह्या खोलीत ती लांबीसाठी सुमारे ३८, रुंदीसाठी ४८ व उंचीसाठी ५७ हर्ट्झ येते. लांबीची पुढली कंप्रता सुमारे ७६ हर्ट्झ. ह्या कंप्रतांना खोली साथ देते, मधल्या स्वरांना देत नाही. वर तंबोऱ्याच्या ज्या ६९ हर्ट्झच्या तारेचा उल्लेख आला, ती ह्या खोलीत दोन उंचवट्यांमध्ये पडते. त्यामुळे घुमणाऱ्या स्वरांच्या शेजारी ती दबल्यासारखी भासू शकते.

स्थिर तरंगात दाब सर्वत्र सारखा नसतो. भिंतींशी तो महत्तम, तर पहिल्या तरंगासाठी बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. खुर्ची खोलीच्या लांबीच्या मधोमध ठेवली तर ३८ हर्ट्झचा स्वर जवळपास नाहीसा होतो. तीच मागच्या भिंतीला टेकविली तर तो फुगतो. जर्मन भौतिकीविज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्रानुसार, अशा खोलीत निनाद अर्धा सेकंद टिकत असेल, तर सुमारे २०० हर्ट्झच्या खाली सुट्या स्थिर तरंगांचेच वर्चस्व असते. म्हणजे सबवूफरचे सारे क्षेत्र त्यांच्याच अमलाखाली येते. विटांच्या व काँक्रीटच्या भिंती खर्ज फारसा शोषीत नाहीत. म्हणून भारतीय घरांत हे उंचवटे, लाकडी सांगाड्यावर पातळ फळ्या ठोकलेल्या पाश्चात्त्य घरांपेक्षा, अधिक टोकदार होतात आणि स्वर थांबल्यावरही घुमारा अधिक काळ रेंगाळतो.

ह्यावर पहिला उपाय विनामूल्य आहे, तो म्हणजे जागा बदलणे. सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवावा, खर्जाचे स्वर असलेली ध्वनिमुद्रिका लावावी आणि जेथे जेथे पेटी ठेवणे शक्य आहे, तेथे तेथे जाऊन जमिनीलगत कान देऊन ऐकावे. जेथे स्वर सर्वांत समतोल वाटतील, ती सबवूफरची जागा. उगम व श्रोता यांची अदलाबदल केली तरी ध्वनीचा मार्ग तोच राहतो, ह्या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे. दुसरा उपाय एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घेण्याचा. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांचा अभ्यास करून दाखविले की, दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास निरनिराळ्या आसनांवरील फरक बराच कमी होतो. लांबीच्या पहिल्या तरंगाला ते दोन टोकांनी विरुद्ध ढकलतात आणि रुंदीच्या पहिल्या तरंगाच्या शून्यबिंदूवरच ते बसलेले असतात. त्यामुळे दोन्ही तरंग उठतच नाहीत.

इक्वलायझरची निवड

जागा ठरल्यानंतर जे उंचवटे उरतील, ते इक्वलायझरने कापावयाचे. येथे प्रकाराची निवड निर्णायक ठरते. दहा पट्ट्यांच्या साध्या ग्राफिक इक्वलायझरमध्ये प्रत्येक पट्टी एका सप्तकाची असते. सबवूफरच्या वाट्याला ३१.५ व ६३ हर्ट्झच्या दोनच पट्ट्या येतात. ३८ किंवा ४८ हर्ट्झचा उंचवटा ह्या दोहोंच्या मध्ये पडतो. ३१ पट्ट्यांच्या, एक तृतीयांश सप्तकाच्या इक्वलायझरमध्ये २० पासून ८० हर्ट्झपर्यंत सात पट्ट्या मिळतात. पण ४० हर्ट्झची पट्टी सुमारे ९ हर्ट्झ रुंद असते, तर खोलीचा उंचवटा पुष्कळदा ४ हर्ट्झच रुंद असतो. उंचवटा कापताना त्याच्या शेजारचे निर्दोष स्वरही कापले जातात.

म्हणून खर्जासाठी पॅरामेट्रिक इक्वलायझर हाच योग्य होय. हे नाव जॉर्ज मॅसेनबर्ग यांच्या १९७२ मधील निबंधामुळे रूढ झाले. त्यात मध्याची कंप्रता, वाढ वा घट, आणि रुंदी ह्या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठरविता येतात. रुंदी ‘क्यू’ ह्या आकड्याने सांगतात. मध्याच्या कंप्रतेस रुंदीने भागले की तो मिळतो. ३८ हर्ट्झवर ४ हर्ट्झ रुंद उंचवट्यासाठी क्यू साधारण ९ ते १० येतो. असा नेमका जुळणारा काप दिला, म्हणजे त्या आसनावरील उंचवटा तर जातोच, पण स्वर थांबल्यानंतर रेंगाळणारा घुमाराही आटोक्यात येतो. चार ते सहा असे फिल्टर सामान्य खोलीस पुरतात.

इक्वलायझरला खड्डे भरावयास मात्र सांगू नये. शक्ती १० डेसिबलने वाढविणे म्हणजे ती दहापट करणे. २० डेसिबलचा खड्डा भरावयाचा तर अँप्लिफायरची शक्ती शंभरपट आणि शंकूची हालचाल दहापट करावी लागेल. शंभर वॅटच्या यंत्राकडून ही अपेक्षा व्यर्थ आहे. शिवाय खड्डा एका आसनापुरताच असतो. तेथे तो भरला तर शेजारच्या आसनावर तोच स्वर असह्य होतो. खड्डा जागा बदलून बुजवावा, उंचवटा इक्वलायझरने कापावा, हा ह्या विषयातील मुख्य नियम होय.

सर्वांत खालच्या स्वरांची वाढ करतानाही सावधगिरी हवी. बंद पेटीचा सबवूफर ४० हर्ट्झला उतरू लागत असेल, तर २० हर्ट्झला तो सुमारे १२ डेसिबल खाली असतो. तो सपाट करण्यास सोळापट शक्ती लागते. छिद्राच्या पेटीत धोका अधिक. पेटीच्या जुळवणीच्या कंप्रतेखाली शंकूला हवेचा आधार उरत नाही; तेथे वाढ दिल्यास आवाज तर वाढत नाहीच, उलट शंकूची मोडतोड होते. अशा पेटीस तळाचे स्वर रोखणारा फिल्टर अवश्य असावा.

मापन

कोणता उंचवटा कोठे आहे हे केवळ कानाने ठरविता येत नाही. त्यासाठी अंशांकन केलेला मापनाचा मायक्रोफोन व संगणक हवा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही आज्ञावली त्यासाठी विनामूल्य मिळते. मोबाइल फोनचा मायक्रोफोन मुख्यतः बोलण्यासाठी घडविलेला असल्याने तळाच्या स्वरांसाठी त्याचा भरवसा धरू नये. ध्वनिपातळीमापकावर ‘ए’ भारांकन ठेवल्यास ३१.५ हर्ट्झचा स्वर खऱ्यापेक्षा सुमारे ३९ डेसिबलने कमी दिसतो. तेथे ‘सी’ भारांकन वापरावे. मापन एकाच बिंदूवर न करता आसनाभोवतीच्या चार-सहा जागी करून त्यांची सरासरी घ्यावी. स्वयंचलित दुरुस्ती करणारे रिसीव्हर हेच काम करतात. परंतु त्यांनी लावलेल्या दुरुस्तीचे निकालही पुन्हा मोजून पाहावेत.

निवडीचा क्रम

ह्या विवेचनावरून खर्चाचा क्रम निश्चित होतो. प्रथम जागा शोधावी. त्यास पैसा लागत नाही. नंतर मायक्रोफोन घ्यावा. रिसीव्हरमध्ये अंकीय क्रॉसओव्हर असेल तर स्वतंत्र क्रॉसओव्हर घेण्याचे कारण नाही. नसेल, तर ज्यात २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली फिल्टर, मुख्य लाउडस्पीकरांकडील फिल्टर, मिलिसेकंदांत बदलता येणारा विलंब आणि पॅरामेट्रिक इक्वलायझर हे सर्व एकत्र आहेत, असे अंकीय यंत्र निवडावे. आधी विभागणी, मग कलेचा मेळ, शेवटी इक्वलायझर, आणि इक्वलायझर लावल्यावर कलेची पुन्हा तपासणी, हा क्रम मोडू नये. एवढे करूनही खर्ज अपुरा वाटला, तरच मोठ्या किंवा दुसऱ्या सबवूफरचा विचार करावा.

शेवटी शेजाऱ्याचाही विचार करावयास हवा. भिंत उंच स्वर अडविते, पण खर्जाला पुष्कळसा वाव देते. त्यामुळे शेजारच्या घरात गाणे पोहोचत नाही, नुसते धडधडणे पोहोचते. भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी विभागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ‘ए’ भारांकनाने मोजली जात असल्यामुळे मापक शांत असतानाही भिंतीपलीकडील रुग्णाची वा बालकाची झोप मोडलेली असू शकते. खोलीचे उंचवटे कापले की तोच खर्ज कमी पातळीवर स्पष्ट ऐकू येतो, श्रोत्याला आवाज वाढविण्याचा मोह राहत नाही, आणि जो स्वर भिंत ओलांडून सर्वाधिक त्रास देत होता, तोच प्रथम कमी झालेला असतो.